चाळीस शब्दांची शिदोरी



मागच्या खेपेला कुरडयांच्या चिकाबद्दल लिहिता लिहिता मी सहज एक ओळ टाकली होती, की ‘२०२४ साली याच दिवसांत मी स्पेनमध्ये पाठीवर पिशवी टाकून एकटी चालत होते, त्यामुळे त्या वर्षीच्या कुरडया जाऊबाईंनी केल्या.’ झालं! कुरडयांबद्दल तीन पत्रं आली आणि त्या एका ओळीबद्दल ढीगभर. कुणी खर्च विचारला, कुणी गुडघ्यांचं विचारलं, एकीने तर ‘यजमानांनी परवानगी कशी दिली’ असं विचारलं. यजमान असते तर बरोबरच आले असते, बाई. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पण परांड्याच्या एका भगिनीचं पत्र निराळं होतं. तिची मुलगी दोन महिन्यांनी एकटीच स्पेनला निघाली आहे. आधी पंधरा दिवस पाठपिशवी घेऊन हिंडणार आणि मग तिथेच शिकायला राहणार. ‘तिला ती भाषा जेमतेम येते. तुम्हालाही येत नव्हती म्हणता. मग पहिले दिवस कसे काढलेत ते खरं खरं लिहा, गोड करून लिहू नका,’ असं तिने लिहिलं आहे. तेव्हा आज कुरडया बाजूला ठेवते आणि खरं खरं लिहिते.

मी जामखेडची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे प्रवास म्हणजे एस.टी. साठीपर्यंत मी एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे जामखेड ते नगर, पंच्याहत्तर किलोमीटर, तोही पेपर तपासायला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, आणि अहिल्याबाईंचं चोंडी आमच्याच तालुक्यातलं म्हणून आम्हाला त्याचा आनंदही आहे. पण एस.टी.त बसताना तोंडातून ‘एक नगर’च निघतं.)

मग स्पेन कुठून आलं? ते सांगायचं तर १९९६ सालात जावं लागेल, आणि ती गोष्ट मला फारशी शोभा देणारी नाही.

जामखेडला परदेशी माणूस नवा नाही. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून देशोदेशीची माणसं ते काम बघायला, शिकायला येतात. १९९६ च्या उन्हाळ्यात अशीच एक मुलगी आमच्या गल्लीत महिनाभर राहायला आली. अर्जेंटिनाची. मातृभाषा स्पॅनिश, मराठीचे शब्द मोजून चार: नमस्कार, पाणी, बस आणि पुरे. ती रोज सकाळी माझ्याकडे बघून हसायची आणि मी पदर सावरून घरात जायची. कारण एवढंच, की तिच्याशी इंग्रजी बोलावं लागेल आणि मराठीच्या बाईंचं इंग्रजी कच्चं आहे हे गल्लीला कळेल. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती मला स्टँडवरच्या बाकावर रडताना दिसली. पाटोद्याला जायचं म्हणून खर्ड्याच्या गाडीत बसली होती, तिथून कशीबशी परत आली होती आणि दिवसभर पोटात काही नव्हतं. मी तिला घरी आणलं, पिठलं-भाकरी वाढली. तिने दुसरी भाकरी संपल्यावर ‘पुरे’ म्हटलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. पुढे रोज संध्याकाळी ती आमच्याकडेच असायची. तिची आजी स्पेनमधल्या गालिसिया प्रांतातून बोटीने अर्जेंटिनाला गेली होती. त्या प्रांतातल्या पायी वारीबद्दल मी पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकलं.

हो, वारीच म्हणायची. सांतिआगो दे कोंपोस्तेला या गावी येशूच्या बारा शिष्यांपैकी संत जेम्स यांची समाधी आहे असं मानतात, आणि तिथवर चालत जायची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे. त्या वाटेला ‘कामिनो’ म्हणतात. सगळी वाट चालायला महिना लागतो, पण शेवटचे निदान शंभर किलोमीटर चाललं आणि वाटेत शिक्के घेत गेलं तरी तिथे प्रमाणपत्र देतात. म्हणून पुष्कळ लोक सारिया नावाच्या गावापासून सुरुवात करतात. तिथून अंतर सुमारे ११५ किलोमीटर. परांड्याच्या भगिनीला नाथांची पालखी माहीत असणारच. पैठणहून निघून आमच्या खर्ड्यावरून ती पुढे त्यांच्याकडे जाते. फरक इतकाच, की आपल्या वारीत बाई एकटी नसते. पुढे वीणा, मागे मृदंग, शेजारी तुळशीवालीची बडबड. तिथे दिंडी नाही. ज्याची त्याची पिशवी आणि ज्याचे त्याचे पाय.

आता पहिले दिवस.

माद्रिदच्या विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी मुलाने इथूनच ठरवली होती, त्यामुळे तिथवर मी राणीसारखी गेले. खोलीचं दार लागलं आणि मग कळलं. माहेरी आम्ही चौघी बहिणी ओळीने झोपायचो, सासरी भरलं घर, हे गेल्यावर नात कुशीत असायची. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, मी एका खोलीत एकटी झोपणार होते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! व्हिसा, विमा, बूट, सगळ्याची तयारी केली आणि याची केली नाही. दाराला खुर्ची लावून बसले.

सात वाजता भूक लागली म्हणून खाली उतरले. तिकडे मे महिन्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि जेवणावळी साडेआठ-नऊशिवाय सुरूच होत नाहीत. दुपारचं जेवण दोन ते चार, मग पुष्कळ छोटी दुकानं बंद. आपल्या पोटाला हे कोण सांगणार? मी चाळीस शब्दांची वही करून नेली होती, देवनागरीत. एका सभ्य गृहस्थांना घोकलेलं वाक्य विचारलं: ‘दोंदे एस्ता एल सुपेरमेर्कादो?’ म्हणजे बाजारहाटाचं मोठं दुकान कुठे आहे. वाक्य इतकं चोख उतरलं, की त्यांना वाटलं बाईंना भाषा येते. त्यांनी जे उत्तर दिलं ते म्हणजे सीनेला आलेला पूर. मी मान डोलवली, ‘ग्रासिआस’ म्हटलं, आणि लाज वाटून भलत्याच दिशेला चालत राहिले, ते दिसेनासे होईपर्यंत. मग परत फिरून खोलीवर आले आणि बिस्किटाबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मुलाला निरोप पाठवला: ‘मजेत आहे.’ आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती, त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. त्या रात्री मी रडले, ते स्टँडवरच्या बाकाची आठवण येऊन रडले. ती मुलगी चार दिवस माझ्याकडे बघून हसत होती, ते हसणं म्हणजे काय होतं ते मला तिथे समजलं.

परांड्याच्या बाई, तुमची मुलगी पहिल्या रात्री ‘मजेत आहे’ असं कळवील. उलटतपासणी करू नका. ‘काय जेवलीस?’ एवढंच विचारा. त्या उत्तरात सगळं येतं.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. आपण लांब प्रश्न विचारला की लांब उत्तर येतं. त्यापेक्षा ज्याचं उत्तर आपल्याला समजेल एवढाच प्रश्न विचारावा. बसच्या ड्रायव्हरला मी तिकीट दाखवून नुसतं ‘लुगो?’ म्हटलं. तो ‘सी’ म्हणाला. संपलं काम. रस्त्यावर बोट दाखवून ‘सारिया?’ म्हणायचं, मान हलते की नाही ते बघायचं. किंमत विचारली तर ऐकायची नाही, लिहून मागायची. आणि वहीतला सर्वांत उपयोगी शब्द ‘नमस्कार’ नव्हे, ‘मास देस्पासिओ’, म्हणजे जरा हळू. हे दोन शब्द ऐकून चिडलेला माणूस मला एकही भेटला नाही.

माद्रिदहून लुगोला बसने सहा-सात तास लागतात. लुगोला रोमन लोकांनी बांधलेला कोट अजून गावाभोवती अख्खा उभा आहे, वरून दोन किलोमीटरहून जास्त फेरी मारता येते. आमच्या खर्ड्याच्या किल्ल्याची फार आठवण झाली. तिथून लहान गाडीने सारिया.

सारियाला एका खाणावळीच्या फळ्यावर ‘तोर्तिया’ वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी, हे टीव्हीवर पाहिलेलं! पण ती मेक्सिकोची. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं जाड पोळं. समोर आलं तेव्हा कळलं. मी अंडं खात नाही. खात नव्हते म्हणू या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, अर्धा तुकडा खाल्ला. जाऊबाईंना हे या लेखातूनच कळेल.

शाकाहारी बायकांनी एक लक्षात ठेवावं. तिकडे ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. मासा आणि डुकराचं सुकवलेलं मांस, ज्याला ते खामोन म्हणतात, यांना तिथले पुष्कळ लोक त्या शब्दात धरतच नाहीत. भाजीच्या कोशिंबिरीवर टूना मासा असतो, मसुराच्या आमटीत मांसाचे तुकडे असतात. म्हणून सगळं एकेक करून सांगावं: नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि वेबो, नि खामोन. मांस, मासा, अंडं, खामोन काही खात नाही. मी हे वाक्य कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं आणि दर ठिकाणी तो कागदच पुढे करू लागले. मग काय मिळालं म्हणाल तर उकडलेला बटाटा, टोमॅटो, पाव, चीज, फळं, आणि देवाच्या कृपेने ‘पाद्रोनच्या मिरच्या’. बोटभर हिरव्या मिरच्या तेलात तळून वर जाड मीठ. बहुतेक गोड असतात, मधूनच एखादी झणका देते. पहिली तिखट लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचंच होतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी चालायला लागले. वाटेवर पिवळे बाण रंगवलेले असतात. ओ सेब्रेइरो गावच्या एलिआस वालिन्या या पाद्रीबाबांनी १९८० नंतरच्या वर्षांत रंगाचा डबा घेऊन ते काढायला सुरुवात केली. त्या माणसाला मी रोज नमस्कार केला, कारण बाणाला भाषा लागत नाही. येणारा-जाणारा ‘बुएन कामिनो’ म्हणतो, आपण ‘राम कृष्ण हरी’ म्हणतो तसं. दोन शब्दांत दिवस निघतो.

बावीसेक किलोमीटरवर पोर्तोमारीन येतं. जुनं गाव १९६० नंतरच्या दशकात धरणाच्या पाण्यात गेलं, देऊळ मात्र दगडांवर आकडे घालून उतरवलं आणि वर टेकडीवर परत उभं केलं. उजनीत पळसदेवचं देऊळ पाण्यात उभं आहे, ते पाहिलेल्या माणसाला तिथे थांबावंसं वाटतं. मी बराच वेळ थांबले.

मुक्कामाच्या जागेला ‘आल्बेर्गे’ म्हणतात. धर्मशाळाच, सरकारी असेल तर आठ-दहा युरोत खाट मिळते. एकावर एक खाटा, आणि बायका-पुरुष एकाच दालनात! मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री मी पंजाबी ड्रेसवर ओढणी लपेटून, पाकीट उशाखाली घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडले. वरच्या खाटेवरचे जर्मन आजोबा नऊ वाजता घोरायला लागले, आमच्या ह्यांच्यासारखेच, सुरुवातीला हळू आणि मग चढत्या पट्टीत. माद्रिदच्या एकांतापेक्षा मला तिथे चांगली झोप लागली, आता हसा.

आणि तिथेच ती गंमत झाली. पुढच्या एका लहान आल्बेर्गेची मालकीण म्हातारी होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मला कपडे धुवायचे होते आणि माझे चाळीस शब्द संपले होते. मी हाताने दाखवत सरळ मराठीत म्हटलं, ‘बादली हो, बादली. आणि साबण.’ तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि बादली व साबण घेऊन आली! ‘बाल्दे,’ ती म्हणाली. ‘शाबोन.’ मग खोलीचं कुलूप दाखवून मी ‘चावी’ म्हटलं. ती ‘चाबे’ म्हणाली आणि टाळी वाजवून हसली.

यात जादू नाही, बरं का. गालिसियाची स्वतःची भाषा आहे, आणि ती पोर्तुगीज भाषेची सख्खी बहीण. आपल्या घरातले कितीतरी शब्द पोर्तुगीजांकडून आलेले: बादली, साबण, चावी, घमेलं, परात, पाव, बटाटा, बिजागरी, पगार. चौतीस वर्षं मी वर्गात ‘परभाषेतून आलेले शब्द’ हा धडा शिकवला, पाच गुणांचा प्रश्न काढला. ते शब्द परत दिले तर घेणारं कुणीतरी आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. माद्रिदच्या स्पॅनिशमध्ये साबणाला ‘खाबोन’ आणि चावीला ‘याबे’ म्हणतात, तिथे माझी डाळ शिजली नसती. पण ‘पागार’ म्हणजे पैसे देणे आणि ‘बिसाग्रा’ म्हणजे बिजागरी हे स्पॅनिशमध्येही चालतं. मुलीला घरातल्या वस्तूंची यादी करून द्या. फळ्यावरच्या व्याकरणापेक्षा ती लवकर लक्षात राहते.

शब्द सारखा दिसतो म्हणून फसगतही होते. चौथ्या दिवशी पाव खाऊन खाऊन पोटाची तक्रार सुरू झाली. (ज्वारीची सवय असलेल्या पोटाला मैदा सोसत नाही, आणि संकोच करण्यासारखं यात काही नाही, म्हणून लिहिते.) हिरव्या क्रॉसच्या पाटीचं औषधाचं दुकान गाठलं आणि इंग्रजी शब्दाला स्पॅनिश शेपूट लावून ‘कोन्स्तिपादा’ म्हटलं. बाईंनी अगत्याने सर्दीचं औषध आणि कागदी रुमाल काढून दिले. तिकडे त्या शब्दाचा अर्थ सर्दी झालेली! मग मी जो अभिनय केला तो इथे लिहीत नाही. रांगेतल्या दोघी पोट धरून हसल्या आणि त्यातल्या एकीने खरा शब्द माझ्या वहीत लिहून दिला: एस्त्रेन्यिदा. वर किवी खायला सांगितलं. त्या प्रांतात किवी पिकतो. लगेच गुण आला.

सामानाचं थोडक्यात. पिशवी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको. माझी पहिल्या दिवशी आठ किलो होती, तिसऱ्या दिवशी जादा साडी आणि स्टीलचा डबा म्हातारीकडे ठेवून आले. बूट नवे नेऊ नका. मी दोन महिने पहाटे खर्डा रोडला चालून ते मऊ केले, गल्लीत सगळे हसायचे. तळपायाला निघताना व्हॅसलीन. पाऊस कधीही येतो, तेव्हा इरल्यासारखा पिशवीसकट झाकणारा रेनकोट हवाच. पंजाबी ड्रेसला शिंप्याकडून आतून चोरखिसा शिवून घ्या. चटणी, मेतकूट न्या, पण तुपातले लाडू नकोत, कारण बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे. व्हिसासाठी निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. संकटात फिरवायचा नंबर तिथेही ११२, आपल्यासारखाच.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. ‘आपल्यासारख्यांच्या मुलींनी हे करावं का?’ असं तुम्ही विचारलं आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत गेले आणि तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. मीना प्रभूंची ‘दक्षिणरंग’ आणि ‘मेक्सिकोपर्व’ ही पुस्तकं मुलीला जाण्याआधी वाचायला द्या. मीनाताई २०२५ च्या मार्चमध्ये गेल्या, पुस्तकं आहेत. पण ही मोठी माणसं झाली असं तुम्ही म्हणाल, म्हणून आमच्याकडची सांगते. जामखेड प्रकल्पातल्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. छताला झुंबरं लटकत होती. त्यांनी पिशवीतून तेलाची साधी चिमणी काढली, आणि डॉक्टर म्हणजे झुंबर व आम्ही खेड्यातल्या बायका म्हणजे या चिमण्या, एकीवरून दुसरी पेटवता येते, असं सांगितलं. आमच्याच भागातली बाई हो ती. तिला कुणी ‘आपल्यासारख्यांनी’ असं विचारलं असेलच.

ती अर्जेंटिनाची मुलगी आता पन्नाशीला आली असेल. तिचा पत्ता एका वहीत होता, घर बदलताना ती वही गेली. सांतिआगोला पोचले तेव्हा देवळासमोरच्या चौकात मी तिच्या नावाने एक दिवा लावला असता, पण वारा फार होता. मग नुसती बसून राहिले आणि वहीतले शब्द मोजले. एकशे सोळा झाले होते.

तुमच्या मुलीला माझा पत्ता द्या, निघण्याआधी एकदा जामखेडला येऊन जाऊ दे. ती वही मी तिच्यासाठी उतरवून ठेवते आहे.

पुढच्या आठवड्यात कुरडया. ज्यांचा चीक काळा पडतो त्यांनी गहू किती दिवस भिजवला आणि पाणी रोज बदललं की नाही, ते कळवावं.